रेघेवरची थाप

सकाळी भीमराजकडं गायचं आणि संध्याकाळी गाणं खिशात घालून घरी जायचं, असं डोंगरकडा गावाच्या आसपासची गाणारी मंडळी म्हणायची. त्यात अतिशयोक्ती नव्हती. खताच्या दुकानावरच्या खोलीत भीमराज खिल्लारेनं आपलं रेकॉर्डिंगचं दुकान मांडलं होतं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, दाराला आतून दोन जाड गोधड्या टांगल्या होत्या. तरीही खालच्या रस्त्यानं केळीचा ट्रक आला की भीमराजला हात वर करून गाणाऱ्याला थांबवावं लागे. ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून. मार्च लागला की एप्रिलातल्या जयंतीच्या गाण्यांसाठी जिन्यावर चपलांचा ढीग पडायचा. ती घाई ओसरते न ओसरते तोच लग्नसराईची गाणी यायची.

भीमराज तसा विजेच्या कामाचा माणूस. आयटीआय करून नांदेडला एका साउंडवाल्याकडं चार वर्षं वायरी ओढत होता. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो गाणं जोडायला शिकला. शिकवणारं कुणी नव्हतं. व्हिडिओ बघायचे, चुकायचं, पुन्हा करायचं. अशा माणसाची एकदा बसलेली रीत सहसा मोडत नाही, तशी त्याचीही मोडली नव्हती. कुणाचंही गाणं असो, तो आधी ताल बघायचा. ऐकायचा नाही, बघायचा. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थाप पडद्यावर लहानशा उंचवट्यासारखी दिसते आणि तिच्या पाठीमागं मात्रांच्या उभ्या रेघा असतात. उंचवटा रेघेवर असला तर थाप बरोबर. मागंपुढं असला तर माउसनं धरून रेघेवर आणायचा. ताल बसला की आवाज, आवाजातले श्वास कापायचे, सूर ताणून सरळ करायचे. शेवटी सगळ्याची एक फाइल करायची आणि सुटे तुकडे पुसून टाकायचे. कॉम्प्युटरमध्ये जागा थोडी होती हे खरं, पण मुळात त्याला पसाराच सहन होत नसे. झालेलं ठेवायचं, उरलेलं उडवायचं, असं तो अभिमानानं सांगायचा.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी त्याचे मामा आले, कोंडीबा. सोबत मामी होत्या, जनकाबाई. जवळा बाजारच्या पलीकडं त्यांचं गाव. कोंडीबांनी उभा जन्म जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलल्या आणि उरलेल्या वेळात ढोलकी वाजवली. जनकाबाई गाणी स्वतः बांधायच्या आणि स्वतः म्हणायच्या. औंढा, वसमत, कळमनुरी या तिन्ही तालुक्यांत, जिथं निळे झेंडे लागायचे तिथं या जोडीला बोलावणं असायचं. भीमराज लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडंच राहायचा. स्टेजवर मामाच्या डाव्या गुडघ्याला टेकून बसायचा आणि तिथंच झोपी जायचा. गाण्याचा नाद त्याला लागला तो त्या गुडघ्यापाशी.

आजवर या दोघांचं एकही गाणं रेकॉर्ड झालेलं नव्हतं. जनकाबाईंनी नवीन गाणं बांधलं होतं. पन्नाशीत त्या अक्षरं शिकल्या होत्या आणि बँकेत पहिल्यांदा सही केली होती, त्याचं गाणं.

‘अंगठ्याची शाई पुसली गं बाई,
माझ्या नावाची मीच केली सही.’

मधे गोधडीचा पडदा लावून भीमराजनं दोघांना बसवलं, दोन वेगळे माइक दिले. कानात मात्रांची टकटक ऐकत वाजवायचं म्हटल्यावर कोंडीबांनी हेडफोन काढून ठेवला. “हे टकटक काहून? मी काय भिंतीत खिळे ठोकून राहिलो व्हय?” म्हणाले आणि तसंच वाजवलं. एका दमात गाणं झालं. भीमराजनं हौसेनं मामाला पडद्यावर सगळं दाखवलं. हा मामीचा आवाज, ही तुमची ढोलकी, ह्या रेघा.

“मग माझी थाप रेघेच्या पल्याड काहून दिसती?” कोंडीबांनी विचारलं.

“थोडं मागं पडलंय, मामा. मी करतो बराबर.”

हे बोलून तो विसरूनही गेला. दोघं एसटीनं गेले आणि तो कामाला लागला. त्याच्यापुढं आणखी चार गाणी पडून होती आणि प्रत्येकाला ती जयंतीच्या आत हवी होती. मामाची एकही थाप रेघेवर नव्हती. त्यानं पहिल्या कडव्यातल्या थापा एकेक करून ओढल्या. ओढता ओढता ढोलकीच्या डाव्या बाजूचा तो खोल घुमारा मधेच तुटायला लागला, बादली पडल्यागत वाजायला लागला. दोन तास गेले. जिन्यावर पुढची पार्टी येऊन बसली होती. तेव्हा भीमराजनं जे बाकीच्या गाण्यांत सर्रास केलं होतं तेच केलं. तयार ठेक्यांचा एक संच त्याच्याकडं होता, कुठल्याशा शहरात कुणीतरी वाजवून ठेवलेल्या ढोलकीचा. त्यातला एक ठेका उचलला आणि गाण्याखाली अंथरला. रेघेवर चपखल. मग मामीची प्रत्येक ओळ कापून त्या ठेक्यावर ओढून बसवली. गाणं टकाटक झालं. सवयीनं त्यानं एक फाइल केली आणि सुटे तुकडे पुसले. मामाची ढोलकी त्यातच गेली.

गाणं इंटरनेटवर टाकताना खाली नावं लिहिली. गीत आणि गायन जनकाबाई, ढोलकी कोंडीबा. हे लिहिताना बोट क्षणभर अडखळलं होतं, हे त्याला पुढं पुन्हा पुन्हा आठवलं.

गाणं चाललं. चाललं म्हणजे जिल्हाभर वाजलं. जयंतीच्या मिरवणुकीत प्रत्येक गाडीवर तेच. पोरी सहीच्या ओळीला हवेत बोटानं सही करायच्या. जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी मामाचा फोन आला.

“भीमा, ऐकलं गाणं. चांगलं झालं. तुझ्या मामीचा शब्दन् शब्द समजतो.”

“आन् ढोलकी, मामा?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“गाणं चांगलं झालं,” कोंडीबा पुन्हा म्हणाले. मग शेळीनं दोन करडं दिल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

चाळीस वर्षं ढोलकी वाजवणारा माणूस स्वतःच्या पहिल्या रेकॉर्डिंगबद्दल बोलतो आणि ढोलकीचं नाव काढत नाही. भीमराज काय समजायचं ते समजला. पण न समजल्यासारखं करणं सोपं होतं. हंगाम होता, काम होतं, आणि येणारा प्रत्येक जण म्हणत होता, आम्हाला त्या सहीच्या गाण्यासारखी ढोलकी पाहिजे. तो तोच ठेका काढून द्यायचा. दर वेळी आत कुठंतरी कुसळ बोचायचं.

मे महिन्यात हिंगोलीला एका मंडळानं या जोडीचा सत्कार ठेवला. दुपारचा कार्यक्रम होता, सभागृह भरलेलं. भीमराज तिसऱ्या रांगेत बसला होता. मंडळाचे हरिचंदभाऊ माइकवर आले. “जनकाबाईंचा आवाज तर आहेच,” ते म्हणाले, “पण या गाण्यात ढोलकी वाजलीय ना, तिनं अख्ख्या जिल्ह्याला नाचवलं!” टाळ्यांचा कडकडाट झाला. कोंडीबांच्या खांद्यावर शाल घातली गेली. त्यांनी ती तिथल्या तिथं काढली, घडी केली आणि जनकाबाईंच्या मांडीवर ठेवली. लोकांना ते कौतुकाचं वाटलं, आणखी टाळ्या पडल्या.

“आता तोच ठेका इथं होऊन जाऊ द्या,” हरिचंदभाऊंनी ढोलकी पुढं केली.

कोंडीबा ढोलकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “हाताला तकलीफ हाय. आज माफ करा.”

त्याच वेळी त्यांची नजर तिसऱ्या रांगेवरून फिरली. भीमराजवर ती थांबली की नाही, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं, कारण त्यानं मान खाली घातली होती. उठून एवढंच म्हणायचं होतं की त्या गाण्यात मामाची ढोलकी नाही, दोष माझा आहे. एवढं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. हरिचंदभाऊ पुढच्या माणसाचं नाव पुकारेपर्यंत ते तिथंच राहिलं आणि मग गिळलं गेलं. गाण्यात केलं ते घाईत केलं, असं तो स्वतःला सांगू शकत होता. सभागृहात काही घाई नव्हती.

जूनमध्ये जनकाबाई एकट्याच एसटीनं डोंगरकड्याला आल्या. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसल्या.

“भीमा, तुझे मामा ढोलकीला हात लावून न्हाई राहिले. तीन बोलावणी परतवली. इचारलं तर म्हणतेत हात दुखतो. घरात तर पाण्याची घागर एका हातानं उचलतेत. तू त्यायला हिंगोलीला डाक्टरकडं ने बाबा. माझं ऐकत न्हाईत.”

भीमराज हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आजार काय आहे ते माहीत असलेला माणूस रोग्याला मोटरसायकलवर मागं बसवून डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी कोंडीबांची बोटं दाबली, मनगट फिरवून बघितलं, फोटो काढायला लावला. “हात उत्तम आहे,” म्हणाले. कोंडीबांनी नम्रपणे नमस्कार केला, जणू ही बातमी त्यांना नवीनच होती.

परतताना औंढ्याच्या अलीकडं एका टपरीवर दोघं चहाला थांबले. मामा चहा बशीत ओतून प्यायचे. भीमराजचा कप तसाच निवत होता.

“मामा, त्या गाण्यात तुमची ढोलकी न्हाई.”

कोंडीबांनी बशी संपवली. “मला ठावं हाय.”

“कव्हापासून?”

“पहिल्यांदा ऐकलं तव्हापासून. माणसाला सोताचा हात वळखू येत न्हाई व्हय?”

“मग बोलले काहून न्हाई?”

“काय बोलू? तू शिकलेला. तुझ्या मशीनीत तूच मला दावलं, थाप रेघेच्या पल्याड हाय म्हणून. मी घरी येऊन इचार केला. वाटलं, माझा हात खरंच मागं पडत असंल. चाळीस वर्सं पडत असंल, आन् लोक तोंडावर बोलत नसतील.” त्यांनी बशी कपाखाली ठेवली. “मग वाजवावं वाटंना.”

भीमराजला वाटत होतं मामा रागावले असतील, दुखावले असतील. ते स्वतःवरच शंका घेत बसले असतील हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. फसवलं गेल्याचा राग माणूस दुसऱ्यावर काढून मोकळा होतो. हे तर मामांनी आतल्या आत मुरवलं होतं.

“हात मागं न्हाई पडत, मामा. बिलकूल न्हाई.”

“मग काढला काहून?”

“मला घाई होती.”

खरं उत्तर एवढंच होतं आणि बाहेर आल्यावर ते फार लहान दिसलं. कोंडीबा रस्त्याकडं बघत बोलायला लागले. “तुझी मामी शब्दावर बसती. ‘सही’ म्हणताना बघ, ‘स’वर जरा टेकती. तितक्यात थाप दिली तर शब्द चेपतो. ती उठंस्तोवर थांबावं लागतं. मी तिच्यासाठी थांबतो. सवय झाली, आता कळत बी न्हाई थांबलेलं.”

भीमराज “मी पुन्हा बसवतो गाणं,” म्हणायला गेला, आणि बसवायला काही उरलंच नाही हे त्याच क्षणी आठवलं. तेही सांगणं भाग होतं.

“मामा, तुमचं वाजवलेलं मी पुसून टाकलं. कुठंच न्हाई आता.”

आतापर्यंत शांत असलेले कोंडीबा त्याच्याकडं वळले. “पुसलं?”

“व्हय.”

“सगळं?”

“सगळं.”

ते उठले, धोतराचा सोगा झटकला. “चल. तुझी मामी वाट बघत असंल.”

त्या आठवड्यात भीमराजनं एक गोष्ट केली. आपण फार धाडसाचं केलं असं तेव्हा त्याला वाटलं. गाण्याखाली त्यानं लिहिलं की यातली ढोलकी कोंडीबांची नाही, ती तयार ठेक्याची आहे, ही चूक माझी आहे. लिहून झाल्यावर त्याला तीन महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. ते हलकेपण चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी मामीचा फोन आला आणि त्यांचा आवाज त्यानं आजवर ऐकला नव्हता इतका वर गेला होता.

“हे काय लिवलंस? गावात लोक इचारून राहिले, मग शाल कशाची घेतली? पारावर मामाला तोंडावर म्हणले, दुसऱ्याच्या हातावर सत्कार करून घेतला. आमाला इचारलंस का लिवण्याआधी? तुझं वझं उतरवायला तुला आमचंच डोकं सापडलं व्हय?”

भीमराजनं कान तापेपर्यंत ऐकून घेतलं. मामींचं म्हणणं खरं होतं. ढोलकी काढताना विचारलं नव्हतं, आणि कबुली देतानाही विचारलं नव्हतं. दोन्ही वेळा त्याला आपलं काम आटोपून मोकळं व्हायचं होतं. त्यानं लिहिलेलं काढलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. पण हरिचंदभाऊंना जाऊन भेटला आणि कोंडीबांनी त्या दिवशी वाजवायला नकार का दिला ते सांगितलं. शाल त्यांनी खांद्यावर ठेवली नव्हती, याची आठवण करून दिली. हरिचंदभाऊ भला माणूस. त्यांनी जवळा बाजारला चार माणसांत ती गोष्ट बोलून दाखवली. पारावरची बोलणी हळूहळू थांबली. भीमराजकडं येणाऱ्या दोन पार्ट्या मात्र नांदेडला जायला लागल्या. “आमचं बी असंच उडवशील,” म्हणाल्या. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी शिक्षा दिली याचं बरंच वाटलं.

त्यानंतर दर आठवडी बाजाराच्या दिवशी तो मोटरसायकल घेऊन मामाच्या गावी जाऊ लागला. ओसरीवर बसायचं, सोयाबीनवर बोलायचं, करडांवर बोलायचं. कोंडीबा सगळं बोलायचे, ढोलकी सोडून. ढोलकी आत खुंटीवर कापडात गुंडाळलेली असायची. पोळा गेला, दिवाळी गेली. एका बाजारी जनकाबाईंनीच विषय काढला. त्या भाकरी थापत होत्या.

“मला माझंच गाणं म्हणता येईना झालंय,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणतेत मोबाइलमधल्यागत म्हणा. तसं म्हणाया जाते तर पळाल्यावानी होतं. दम घ्याला जागाच न्हाई त्यात.” मग ओसरीच्या बाजूला तोंड करून मोठ्यानं, “थांबणारं कुनी न्हाई ना आता!”

ओसरीवर कोंडीबांनी ते ऐकलं. पुढच्या बाजारी भीमराज गेला तेव्हा ढोलकी खुंटीवरून खाली आली होती आणि मामा तिच्या दोऱ्या ओढून बसले होते.

“तुझ्या त्या खोलीत न्हाई येणार,” ते म्हणाले. “वाजवायचं तर हितं.”

भीमराज लॅपटॉप आणि दोन माइक घेऊन गेला. घरात भिंतींना गाद्या नव्हत्या, गोधडीचा पडदा नव्हता. दोघं समोरासमोर बसले, जसे स्टेजवर बसायचे. त्यानं सॉफ्टवेअरमधल्या रेघा बंद केल्या आणि लॅपटॉपचा पडदा स्वतःकडून फिरवून भिंतीकडं केला. पहिल्या खेपेला करडू ओरडलं. दुसऱ्या खेपेला कोंडीबा मधेच थांबले. सात महिने हात बंद होता. बोटं जड झाली होती, लग्गीचा जलद ठेका घेताना थाप पुसट पडत होती. आणि आता जे मागं पडत होतं ते थांबणं नव्हतं, खरंच मागं पडणं होतं. भीमराजला दोन्हीतला फरक स्वच्छ ऐकू आला. तो फरक मार्चमध्येही ऐकू आला असता, ऐकलं असतं तर.

तिसऱ्यांदा गाणं पुरं झालं. कोंडीबांनी ऐकून घेतलं, डोळे मिटून.

“दुसऱ्या कडव्यात कच्चं वाजलं. ते तुझ्या त्या कायच्यानं बराबर कर.”

भीमराजचा हात माउसवर होता. एक मिनिटाचं काम होतं, आणि या वेळी खुद्द मामा सांगत होते. “करू म्हणता?” त्यानं विचारलं. “कुठं कुठं ते तुमी दाखवा. तुमी म्हणाल तेवढंच करतो.”

कोंडीबांनी तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. दोनदा ऐकला. “न्हाई, राहू दे,” म्हणाले. “पुन्यांदा वाजवतो.”

त्या दिवशी त्यांनी सहा वेळा वाजवलं. बोटं सुजली. जनकाबाईंनी तेल आणून चोळलं आणि दोघांनाही शिव्या दिल्या. सहाच्या सहा खेपा भीमराजनं ठेवल्या, एकही पुसली नाही. दिवसाढवळ्या, ओसरीवरच, मामाला शेजारी बसवून त्यानं गाणं जोडलं. प्रत्येक ठिकाणी विचारत. असं काम करायला तीन दिवस गेले. पूर्वी एवढ्यात त्याची सहा गाणी झाली असती.

नवीन गाणं त्यानं टाकलं. थोड्या लोकांनी ऐकलं. पुढच्या जयंतीला डोंगरकड्यात मिरवणूक निघाली तेव्हा गाडीवर जुनंच वाजत होतं, नाचायला तेच बरं पडतं म्हणून. भीमराज दुकानाच्या जिन्यात उभा होता. ओळखीची माणसं खालून हात करत होती, त्यानंही केला. गाणं एकदा बाहेर गेलं की ते परत बोलावता येत नाही.

कोंडीबा आता पुन्हा कार्यक्रमाला जातात. थोडेच, जवळपासचे. हात पूर्वीचा नाही असं ते स्वतः सांगतात आणि भीमराज ते नाकारत नाही. माफ केलं असं मामा कधी बोलले नाहीत, त्यानंही विचारलं नाही. मागच्या बाजारी जेवण झाल्यावर ते सुपारी कातरत बसले होते.

“भीमा, माझ्या जागी तू जी ढोलकी घातली होती, ती कुणाची रं?”

“ठावं न्हाई, मामा. तयार मिळती ती. शेकडो ठेके असतेत एका संचात.”

“पण वाजवली तर कुनी माणसानंच असंल की?”

“व्हय. माणसानंच.”

“नाव न्हाई त्याचं कुठं?”

“न्हाई.”

कोंडीबांनी कातरलेली सुपारी त्याच्या हातावर ठेवली. “चांगला हात हाय त्याचा,” ते म्हणाले. “त्याला बी कुनी इचारलं नसंल.”

भीमराज सुपारी तशीच मुठीत धरून बसला.